आक्का बेशुद्ध आहेत

"आता मी बेशुद्ध हाय. कुणी काय इचारू नगा."

एवढं सांगून आक्का चष्मा काढून माझ्या हातात द्यायच्या आणि सिमेंटच्या फरशीवर आडव्या व्हायच्या. नेसत्या साडीवरून चढवलेला नारिंगी बॉयलर सूट, डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं, एक हात छातीवर आणि दुसरा लांब फेकलेला. तो लांब फेकलेला हात ही त्यांची स्वतःची भर. मी तसं कधी सांगितलं नव्हतं. चष्म्याबद्दल मात्र ताकीद होती, "हातात धरा, खिशात नगं." कारण एकदा मी तो मागच्या खिशात ठेवून खुर्चीवर बसलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, हा काय प्रकार आणि तोही मुळशी तालुक्यात. सांगतो. जहाजावर नोकरीला जाणाऱ्यांना शिकवणारी आमची संस्था पौडच्या पुढे, माले गावाच्या अलीकडे आहे. समुद्र इथून ताम्हिणी घाट उतरून पार खाली कोकणात. आमच्याकडे पाणी म्हणाल तर एक पोहण्याचा तलाव. त्यात लाइफ जॅकेट घालून उडी मारायची, बाहेर येऊन आग विझवायची, जखमीला पट्टी बांधायची, धुरातून माणूस शोधून बाहेर काढायचा, तेव्हा कुठे प्रमाणपत्र मिळतं. ते हातात नसेल तर जहाजाच्या शिडीवर पाय ठेवता येत नाही. काही वर्षांनी परत येऊन हेच सगळं पुन्हा करून दाखवायचं, मग तुम्ही कॅप्टन असा नाहीतर भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. मी स्वतः बरीच वर्षं इंजिन रूममध्ये घाम गाळून आता बावधनला घर करून राहिलो आहे आणि आग व प्रथमोपचार हे दोन विषय शिकवतो.

आक्का आल्या होत्या पोरांचे हे अंगभर एकसंध बॉयलर सूट धुवायला. माले गावच्या, घरची थोडी भातशेती, वय साठीच्या आसपास. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असणारच, पण मला ते कधी लागलं नाही.

त्या काळी धुराच्या खोलीत जखमी माणूस म्हणून आम्ही वाळू भरलेलं पोतं ठेवायचो. ते आमच्या शेखभाईंनी शिवलेलं. शेखभाई पौडच्या बाजारपेठेतले, आमचं स्टोअर सांभाळतात, आणि हातात सुई असो की पाना, कामाला नाही म्हणत नाहीत. पण शिवण ती शिवणच. एका दिवशी पोतं आत कुठेतरी उसवलं. चार पोरं धुरातून धापा टाकत बाहेर आली, मला कडक सलाम ठोकला आणि म्हणाली, "सर, कॅज्युअल्टी रेस्क्यूड." हातात रिकामं पोतं आणि मागे दारापर्यंत वाळूची रेघ.

पुढची तुकडी मास्क चढवून उभी. दोरीवर सूट वाळत घालणाऱ्या आक्का हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "मी झोपू का तितं?"

मी नाही म्हटलं. धूर असतो, अंधार असतो, असं समजावलं. खरं तर तो धूर म्हणजे लग्नाच्या स्टेजवर सोडतात तसला, यंत्रातला. पण तरी धूरच.

"अवो, चुलीपुढं जल्म गेला माझा," आक्का म्हणाल्या, "ह्यो तुमचा धूर म्हंजी उदबत्ती."

मी आत त्यांच्याशेजारी बसून राहायचं या अटीवर तो प्रयोग झाला. पोरं चाचपडत आली, त्यांच्या हाताला पोत्याऐवजी माणसाचा दंड लागला, आणि त्यांची बोटं एकदम हलकी झाली. मी इतकी वर्षं घसा फोडून जे सांगत होतो ते त्यांच्या हातांना आपोआप कळलं. तेव्हापासून आक्का आमच्या कायमच्या जखमी झाल्या.

बेशुद्ध माणूस रागावलेला तुम्ही कधी पाहिलाय? आम्ही रोज पाहायचो. आक्का एरवी ढिम्म हलायच्या नाहीत. गुदगुल्या झाल्या तरी नाही, नाकावर माशी बसली तरी नाही. पण उचलताना कुणी मानेखाली हात घालायला विसरलं की त्यांचा एक डोळा उघडायचा आणि एकच शब्द बाहेर पडायचा, "डोकं." त्यावर डोळा परत बंद. पोरं देशभरातून यायची, कुणाला मराठी येत असे, कुणाला नाही, पण संस्थेतून बाहेर पडताना हा एक शब्द सगळ्यांना येत होता. तमिळ पोरांचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्याकडेही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे ती पहिल्या दिवसापासून यांना आपल्याच गावची समजायची.

संध्याकाळी निकाल लागायचा. माझा नव्हे, आक्कांचा. "ह्या पोरांनी मला पोत्यावानी आणली," असं म्हटलं की तुकडी नापास. "आज लई झ्याक आणली. मला तर खरंच झोप लागली व्हती," असं म्हटलं की पोरांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुढे प्रथमोपचाराच्या तासालाही त्या येऊ लागल्या. सकाळी गेटातून आत शिरताना विचारायच्या, "आज काय मोडलंय, सर?"

"उजवा पाय आणि डोकं, आक्का."

"बरं."

बस्स. मग दिवसभर त्या लंगडत. जेवणाच्या सुट्टीतही लंगडत. उजवा हात मोडलेला असेल त्या दिवशी भाकरी डाव्या हाताने खात, कारण पट्ट्या तपासून गुण मिळायचे दुपारनंतर, आणि पोरांची बांधलेली पट्टी त्याआधी सैल होता कामा नये. शेखभाई त्यांना मुद्दाम लांबून हाक मारून पळायला लावायचा प्रयत्न करीत. आक्का म्हणायच्या, "भाऊ, दिसत न्हाई का? पाय मोडलाय."

एकदा तर कमाल झाली. परीक्षा लांबली, शेवटची जीप सुटायची वेळ आली, आणि आक्का डोक्यापासून गुडघ्यापर्यंत बांधलेल्या तशाच गाडीत जाऊन बसल्या. घरी जाऊन सोडीन म्हणाल्या. जीपमधली माणसं घाबरून काही बोलली नाहीत, पण गावात पोचताच बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याजवळ सूसला दिलेली त्यांची नणंद नवऱ्यासकट बिस्किटांचे पुडे आणि शहाळी घेऊन दारात हजर. आक्का त्या दिवशी कामावर आल्या नाहीत. मी काळजीने फोन केला तर हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, पट्टी परत बांधून बसलीया. येवढ्या लांबनं आलीत बिचारी, त्यांना काय रिकामं लावू का माघारी?"

अभिनयाची ही हौस, आणि कान तितकेच तिखट. माझ्या शेजारच्या वर्गात समुद्राच्या प्रदूषणावर तास चालायचा. प्लॅस्टिक समुद्रात टाकायचं नाही, एक पिशवीसुद्धा नाही, तेलाचं पाणी सोडायचं नाही, वगैरे. आक्का खिडकीबाहेर सूट पिळता पिळता ते सगळं ऐकत. एका रविवारी मुळशीच्या पाण्याकाठी सहलीला आलेल्या मंडळींनी वेफर्सची पाकिटं पाण्यात भिरकावली, आणि आक्का त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "समुद्रात टाकायला जगभर बंदी हाय. मग आमच्या धरणात टाकायची परवानगी तुमाला कोन्त्या कप्तानानं दिली?" मंडळींनी पाकिटं गोळा केली. ती आपली होती की नाही याचा विचार न करता काठावरची जुनीपण गोळा केली, असं आक्कांचं म्हणणं.

असं सगळं झकास चाललेलं असताना संस्थेची तपासणी आली. तपासायला आलेले साहेब स्वतः जहाजावर आयुष्य काढलेले, शांत आणि सरळ माणूस. त्यांनी तलाव बघितला, जॅकेटं बघितली, मग धुराची खोली बघितली आणि आतून आक्का बाहेर आणल्या गेल्या. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "हे बंद करा. शिकाऊ पोरांच्या हाती जिवंत माणूस धुरात द्यायचा नाही. बरोबरीच्या वजनाचा पुतळा आणा."

त्यांचं बरोबर होतं. उद्या आक्कांचं काही बरंवाईट झालं असतं तर मी कुठल्या तोंडाने माले गावात गेलो असतो? मी मान डोलावली. आक्कांना सांगायचं कामही अर्थात माझ्यावर आलं.

"मानूस हाय की हितं," त्या म्हणाल्या. "मानूस असताना भावली कशाला?"

पुतळा आला. धिप्पाड, रबरी, मान लटपटणारी, चेहऱ्याच्या जागी नुसता उंचवटा. शेखभाईंनी त्याला नारिंगी सूट चढवला. आक्का त्याच्याभोवती एक फेरी मारून गेल्या, बोटाने त्याचा गाल दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "पाव्हणं दिसायला बरं हायेत. बोलत न्हाईत येवढंच." मग त्या धुण्याच्या दगडाकडे गेल्या आणि आम्हाला दिसायच्या त्या पाठमोऱ्याच. सकाळी "आज काय मोडलंय" हा प्रश्न बंद झाला. पगार तोच होता, काम उलट कमी झालं होतं, पण आक्का कोमेजल्या. मला त्याचं फार वाईट वाटायचं आणि करता काहीच येत नव्हतं.

पाव्हण्याचे हाल मात्र सुरू झाले. रबराला दुखत नाही हे कळायला पोरांना एक दिवस पुरला. कॉलर धरून ओढ, पायाला धरून फरफटव, लवकर बाहेर काढल्याशी कारण. एका तुकडीत सेल्वम म्हणून तमिळनाडूत तुतिकोरिनकडचा पंचविशीतला जवान होता, अंगाने दणकट आणि सगळ्यांत चपळ. त्याच्या चौघांनी पाव्हण्याला इतक्या झटपट बाहेर आणलं की बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त खोलीबाहेरच्या लोखंडी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पाव्हण्याचं डोकं आपटत आलं. धप, धप, धप.

दोरीपाशी आक्का होत्या. हातातला ओला सूट त्यांनी तसाच बादलीत टाकला, आल्या, जमिनीवर बसल्या, पाव्हण्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने त्याचा तो कोरा चेहरा पुसला. मला वाटलं आता शिव्या पडणार. पण त्यांनी शांतपणे आपल्या हिंदीत विचारलं, "इसके घर फोन कौन करेगा?"

पोरं हसली.

"तुम इसको लेके आया, लई अच्छा किया. पर डोकं तो फूट गया. अब इसके घरवाली को बताना पडेगा ना?" त्यांनी सेल्वमला आपला नंबर सांगितला, लावायला लावला, आणि स्वतः उठून स्टोअरच्या भिंतीआड गेल्या. तिकडून त्यांच्या फोनची घंटी वाजली. सेल्वमने हसत स्पीकर लावला.

"हां, कौन बोलता?" आवाज आक्कांचाच, पण घाबरलेला, अगदी कुणातरी दूर घरात बसलेल्या बाईचा.

"मैं... सेल्वम. शिप से."

"हां बेटा, बोलो. वो कैसा है? कल से उसका फोन नहीं आया." थोडं थांबून, "खाना खाया क्या वो?"

सेल्वमने पाव्हण्याकडे पाहिलं.

"हॅलो? खाना खाया क्या?"

त्याने फोन बंद केला. आता कुणी हसत नव्हतं. मी काही सांगायच्या आत त्या चौघांनी पाव्हण्याला उचललं, परत आत नेऊन ठेवलं, मास्क चढवले आणि सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी सेल्वम दुसऱ्या कशालाही हात न लावता फक्त डोकं धरून होता आणि जिन्यावर प्रत्येक पायरीला इतरांना बजावत होता, "डोकं, डोकं."

त्या दिवसापासून आमच्याकडे ही रीतच पडली. पाव्हण्याला लागलं की त्याच्या घरी फोन करायचा. भिंतीआडून आक्का कधी त्याची बायको होत, कधी आई, आणि एकदा तर सासराही झाल्या. प्रश्न मात्र ठरलेला, जेवला का? त्याला उत्तर देणारा एकही वीर निपजला नाही. आणि सकाळी गेटातून शिरताना नवा प्रश्न सुरू झाला, "आज मी कोन, सर?"

हे तुम्हाला सुचलं कसं, असं मी एकदा त्यांना विचारलं. त्या सूट पिळत होत्या, पिळतच राहिल्या. म्हणाल्या, "मला आला व्हता की तसा फोन. मालक पत्र्यावरनं पडले तवा. उचलनारे कुणी परके नव्हते, सख्खे चुलत भाऊच. चौघांनी हातपाय धरलं आन टेंपोत घातलं. लई पिरमानं उचललं, सर. पर उचललं चुकीचं."

"मग?"

"मग काय. हायेत, धडधाकट हायेत. मान तेवढी वळत न्हाई. मला काय बोलायचं झालं तर समोर जाऊन उभं राहावं लागतं." आणि हसल्या. "बरंच झालं की. पयलं मी बोलताना हिकडंतिकडं बघायचे, आता बघावंच लागतं माझ्याकडं."

पुढच्या तपासणीला तेच साहेब आले. पाव्हण्याचं डोकं आपटलं, फोन लागला, भिंतीआडून आवाज आला. साहेबांनी टोपी काढली आणि संपूर्ण संभाषण उभ्याने ऐकलं. मग मला म्हणाले, "हे कुठल्या नियमात बसतं?"

"कुठल्याच नाही, सर."

"मग कुठे लिहू नका," ते म्हणाले. "आणि बंदही करू नका."

मी धावत जाऊन आक्कांना ते सांगितलं. त्या दिवशी दोरीवरचे सूट गाणं गुणगुणत काढले गेले, हे शेखभाईंनी मला आवर्जून येऊन सांगितलं.

पावसाळ्याआधी आक्कांनी काम सोडलं. "राजीनामा माझ्या गुडघ्यानं दिलाय, मी न्हाई," असं म्हणून सगळ्यांना पेढे वाटले. पाव्हण्यालाही एक ठेवला. आता आमच्या दोरीवर सूट दुसऱ्या बाई वाळत घालतात. चांगल्या आहेत. पण पोरं पाव्हण्याला बाहेर आणतात तेव्हा माझं लक्ष अजून भिंतीकडे जातं. रीत आम्ही मोडलेली नाही. फोन आता आक्कांच्या घरी लागतो आणि त्या चुलीपुढून बोलतात.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी माले गावात त्यांच्याकडे गेलो होतो. मालक पडवीत खुर्चीवर बसलेले, नजर समोरच्या शेतावर. मी शेजारी. आत आक्का भाकरी थापत होत्या. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून त्यांनी मला आत हाक मारली, आणि मी स्पीकर लावला.

"अक्का? मैं सेल्वम. शिप से."

आक्कांना वाटलं, नेहमीचाच खेळ. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि तोच घाबरा आवाज काढला, "हां बेटा. वो कैसा है? खाना खाया क्या वो?"



"खाया, अक्का," सेल्वम म्हणाला. "आज खाया."

मग त्याने सांगितलं. त्याच्या जहाजावर एक फिटर बंद टाकीत उतरला आणि आत बेशुद्ध पडला. अशा वेळी काय होतं ते मला माहीत आहे. वरची माणसं कळवळून तशीच आत धावतात आणि आतल्या खराब हवेने तीही त्याच्याशेजारी पडतात. जहाजावर माणसं मरतात ती बऱ्याचदा अशी, एकमेकांना वाचवायला जाऊन. सेल्वमने शिडी अडवून धरली. कुणालाही मास्कशिवाय उतरू दिलं नाही. मग मास्क आले, दोर आला, स्ट्रेचर आलं, आणि टाकीच्या तळापासून वरपर्यंत फिटरचं डोकं सेल्वमच्या दोन हातांत होतं. "मैं डोकं डोकं चिल्लाया, अक्का. किसी को नहीं समझा. पर सब ने संभाल के उठाया."

फिटर आता बंदरावरच्या इस्पितळात शुद्धीवर होता आणि सकाळी त्याने पेज घेतली होती. "उसके घर मैंने फोन किया. उसकी वाइफ ने भी वही पूछा, अक्का. खाना खाया क्या." "इस बार मेरे पास जवाब था."

आक्का त्याला हो म्हणाल्या, नीट राहा म्हणाल्या, तूपण जेव म्हणाल्या. फोन बंद झाला. मी चष्मा पुसत बसलो, या वेळी माझा स्वतःचा.

आक्का पिठाच्या हातांनी तशाच उठल्या, गुडघा धरत पडवीत आल्या, आणि मालकांना वळून बघता येत नाही म्हणून त्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"जेवला म्हणं," त्या म्हणाल्या.

"कोन?"

"पाव्हणा."

मालकांनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "मग आता आमालाबी वाढ," ते म्हणाले.